तिरळ्या डोळ्यांची लुचिया

गुरुवारी दुपारी ओर्तेन्सियाच्या दुकानात कुणी बटणं किंवा दोरा घ्यायला आलं, की ती बसल्या जागेवरूनच हात हलवायची. "उद्या या. आज पाहुणे आहेत." पाहुणे म्हणजे एकच पाहुणा, चर्चमधला सेवेकरी डॉन जेसुआल्दो. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, मयताच्या घरी शमादानं पोचवायची, ही त्याची कामं. गावातल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. पिएत्राकुपासारख्या डोंगरावरच्या गावात एक विधवा आणि एक बिनलग्नाचा बाप्या दर आठवड्याला तासभर समोरासमोर बसतात म्हणजे काय! पण त्यात तसलं काही नव्हतं. असतं तर एक वेळ परवडलं असतं. त्यात निदान दुसऱ्या कुणाचं नुकसान नव्हतं.

ते दोघं एकमेकांना कार्डं दाखवत. संतांची कार्डं. पत्त्याएवढा कागद, पुढे संताचं चित्र, मागे प्रार्थना. पोरांना पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मिळतात, आज्या प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून घालतात, बसचा ड्रायव्हर समोरच्या काचेला चिकटवतो, तीच.

ओर्तेन्सियाकडे ती लहानपणापासून होती. नवरा होता तेव्हा ती वर्षाकाठी कधीतरी बटणांच्या जुन्या खोक्यांतून ती बाहेर काढायची, पुसायची, जांभई द्यायची आणि परत ठेवायची. त्याला छंद म्हणणं म्हणजे घरात मांजर आहे म्हणून स्वतःला शिकारी म्हणवून घेण्यासारखं. मग एके दिवशी जेसुआल्दो अंगरख्याची बटणं घ्यायला आला, गल्ल्यामागचं उघडं खोकं त्याने पाहिलं, खिशातल्या पाकिटातून एक कार्ड अलगद काढलं आणि विचारलं, "असलं आहे का हो तुमच्याकडे?"

नव्हतं. आणि ते नसणं तिला असं झोंबलं की आठवडाभर जेवण गोड लागेना. तिने आतेबहिणीच्या घरी जाऊन, रडून, भांडून त्याच्याहून जुनं कार्ड आणलं आणि पुढच्या गुरुवारी त्याच्या नाकासमोर धरलं. जेसुआल्दोचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. तो चेहरा बघून ओर्तेन्सियाला जे सुख झालं तसं लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं, आणि हे ती कुणालाही खुशाल सांगायची.

"बरोबर आहे," कॉफीवाला तानो म्हणायचा. "एकट्याने पत्ते खेळण्यात काय मजा? समोर हरणारा पाहिजे. तुम्हा दोघांमुळे हा छंद वाढला, गावाचं नाव झालं. पाद्रीबाबा पण परवा म्हणत होते, निकोप स्पर्धा आहे म्हणून."

निकोप! तानोचं आणि पाद्रीबाबांचं तोंड धुवायला हवं.

एक तर ओर्तेन्सियाला त्या माणसाची किळस यायची. तो तपकीर ओढायचा आणि नाकाच्या शेंड्यावर कायम एक तपकिरी थेंब लोंबत असायचा, पडेल पडेल म्हणताना पडायचा नाही. कार्ड हातात घेण्याआधी अंगठा चाटायचा. कार्डाचा वास घ्यायचा, आणि वास घेताना डोळे मिटायचा. तो गेला की ती व्हिनेगरने टेबल पुसून काढायची आणि स्वतःचे हातही धुवायची. तरी बुधवार संध्याकाळपासून तिचं लक्ष दाराकडे लागलेलं असायचं. ज्याची किळस त्याचीच वाट, असला हा प्रकार.

आणि दुसरं म्हणजे, जुनी कार्डं असतात कुणाकडे? म्हाताऱ्यांकडे. म्हातारी माणसं ती देतात कधी? भान सुटल्यावर. हे गणित दोघांनाही फार लवकर कळलं. कुठल्या घरी मरणाऱ्याला शेवटचं पवित्र तेल लावायला जायचंय हे जेसुआल्दोला आधी कळायचं, कारण तेलाची कुपी कपाटातून तोच काढून द्यायचा. ओर्तेन्सियाला कळायचं कारण काळी फीत न्यायला माणसं तिच्याकडेच यायची, आणि शहाणी माणसं फीत आधीच नेऊन ठेवतात. शिवाय खालच्या आळीतल्या बाया मयताला कपडे घालायला तिलाच बोलावायच्या. तिचा हात हलका होता. हात हलका म्हणजे काय, ते पुढे दिसेलच.

एकदा एका नुकत्याच विधवा झालेल्या बाईला ओर्तेन्सियाने सांगितलं, "अगं, सासूच्या या कागदांना कसर लागलीय. घरभर पसरेल, गाद्यांत शिरेल." बाईने घाबरून सगळा गठ्ठा तिच्या पदरात टाकला. ओर्तेन्सियाने बदल्यात एक नवं चकचकीत कार्ड दिलं आणि ती बिचारी आभार मानत घरी गेली. हा पराक्रम तिने गुरुवारी जेसुआल्दोला ऐकवला. जेसुआल्दो मांडीवर थाप मारून हसला आणि म्हणाला, "मी तर परवा आंधळ्या मीमोच्या उशीखालचं काढलं. त्याला काय, तो हातानेच चाचपणार! त्या जागी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा ठेवला." मग दोघं मिळून हसले. ते हसणं ऐकलं असतं तर अंगावर पाल पडल्यासारखं वाटलं असतं.

पण हे सगळं किरकोळ. खरा डोळा दोघांचा होता अग्रिपीना मावशीच्या लुचियावर.

अग्रिपीना मावशी वरच्या आळीत, बंद पडलेल्या मठाच्या भिंतीला लागून राहायची. लग्न केलं नाही, जन्मभर पोरींना भरतकाम शिकवलं. लहान असताना तापाने तिची दृष्टी जायला लागली होती. तेव्हा मठातल्या एका जोगिणीने तिच्यासाठी हाताने एक कार्ड केलं. चामड्याच्या पातळ कागदावर रंगवलेली संत लुचिया, आणि भोवती बारीक चाकूने कोरलेली लेससारखी जाळी, इतकी नाजूक की फुंकर मारली तर हलावी. लुचिया डोळ्यांची संत. तिच्या हातात ताटली आणि ताटलीत तिचे स्वतःचे डोळे, हे सगळीकडेच असतं. पण जोगिणीचा हात हलला असावा. ताटलीतले ते दोन डोळे एकमेकांकडे बघत होते. तिरळे! असलं दुसरं कार्ड अख्ख्या सिसिलीत नव्हतं. पोरीची दृष्टी परत आली. तेव्हापासून मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत आली होती, "हे माझ्याबरोबर जायचं. पलीकडे अंधार असतो म्हणतात. ही बरोबर असली म्हणजे मला दिसेल."

आमच्याकडे मयताच्या हातात कार्ड देतातच. पण मावशीचं तसं नव्हतं. तिला मरणाची भीती नव्हती, अंधाराची होती.

त्या हिवाळ्यात मावशीने अंथरूण धरलं आणि तिच्या घरी वर्दळ सुरू झाली. ओर्तेन्सिया सकाळी कोंबडीचं गरम सार घेऊन जायची. जेसुआल्दो धनगराकडून मेंढीच्या दुधाचं मऊ चीज, ताजा रिकोता, आणायचा, वाफ निघत असतानाच. एका सकाळी दोघांची पलंगापाशी गाठ पडली.

"वा, डॉन जेसुआल्दो," ओर्तेन्सिया म्हणाली. "आज घंटा कोण वाजवतंय? उंदीर?"

"घंटा वाजली, डोन्ना ओर्तेन्सिया. ऐकायला कान हवेत. तुमचे कान मयताची बातमी सोडून दुसरं ऐकत नाहीत, त्याला मी काय करू?"

"मी सार आणलंय."

"दिसतंय. कोंबडी नुसती वरून उडून गेली वाटतं."

पलंगावरून मावशी खोकल्यासारखं हसली. "बसा रे दोघं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला आलात, पण मढं व्हायला अजून अवकाश आहे. तोवर ते सार द्या इकडे. आणि रिकोता झाकून ठेवा. इतकी वर्षं माझ्या उंबऱ्यावर कुत्रं फिरकलं नाही. आता दोन वेळचं गरम मिळतंय. भांडा, चांगले भांडत राहा."

दोघांनाही लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. जेसुआल्दोने उशी सरळ करण्याच्या निमित्ताने उशीखाली बघून घेतलं, आणि ओर्तेन्सियाने ते बघताना त्याला बघितलं.

मग ओर्तेन्सियाने कंबर कसली. तिने मावशीला अंघोळ घातली, केस विंचरले, पायाची नखं कापली. पिवळी, जाड, वळलेली नखं. पण जेसुआल्दो हे करू शकणार नाही या विचाराने तिला जोर यायचा. मावशीची भाची बेनिन्या दारात उभी राहून डोळे पुसायची. म्हणायची, "पोटच्या पोरीने केलं नसतं हो एवढं."

एके दुपारी खोलीत दोघीच असताना मावशीने ओर्तेन्सियाचं मनगट धरलं.

"मला कपडे तूच घालशील ना गं?"

"काहीतरी काय मावशी. अजून पुष्कळ..."

"ऐक. तू काही चांगली बाई नाहीस. पण त्या जेसुआल्दोपेक्षा कमी वाईट आहेस. तो झाकण लावताना तिथे असतो, त्याचं कामच आहे. म्हणून तुला सांगते. लुचिया माझ्या हातात तूच ठेव, जपमाळेखाली घट्ट अडकव. आणि झाकण बसेपर्यंत तिथून हलू नकोस."

"ठेवीन मावशी."

"नक्की?"

"नक्की. झोपा आता."

मावशीने उशीच्या अभ्र्यात शिवलेला खिसा उसवायला लावला आणि कार्ड तिच्या हातात दिलं. ओर्तेन्सियाने पहिल्यांदा ते इतक्या जवळून पाहिलं. तिरळे डोळे तिच्याकडे बघत नव्हते, ते आपले एकमेकांतच गुंतले होते. तिने ते परत अभ्र्याच्या खिशात ठेवलं, पण घरी जाईपर्यंत बोटांना ती जाळी लागत राहिली.

आणि घरी गेल्यावर या बाईने काय केलं? खोकं काढलं आणि लुचियाची छापील कार्डं शोधायला बसली! आधी एक चांगलं निवडलं, सोनेरी कडेचं. मग तिला वाटलं, चांगलं कार्ड मातीत कशाला घाला? ते परत ठेवून तिने एक जादा पडलेलं घेतलं, कोपरा उंदराने कुरतडलेलं. आणि मनाशी म्हणाली, संत तर तीच. वर स्वर्गात काय कागद तपासणार आहेत? प्रार्थना तीच, नाव तेच. मावशीला उजेड मिळाल्याशी कारण. असली अक्कल ज्या बाईला सुचते तिच्यापुढे पाद्र्यांनीही हात टेकावेत.

मावशी शनिवारी सकाळी गेली. ओर्तेन्सिया आणि बेनिन्याने तिला काळा पोशाख घातला. बेनिन्या मोजे शोधायला आतल्या खोलीत गेली तेवढ्यात काम झालं. छापील लुचिया जपमाळेखाली गेली आणि तिरळी लुचिया ओर्तेन्सियाच्या पोलक्यात. मावशीची बोटं अजून ताठली नव्हती. कार्ड अडकवताना ती बोटं आपल्या बोटांवर मिटल्यासारखी वाटली आणि ओर्तेन्सियाने हात झटकन मागे घेतला. दिवसभर ती रडणाऱ्या बायकांमध्ये बसून जपमाळ ओढत होती. घामाने कार्ड छातीला चिकटलं होतं. श्वास घेतला की जाळी टोचायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी बंद करायची वेळ आली. खोलीच्या खिडक्या रिवाजाप्रमाणे लावलेल्या, चार मेणबत्त्यांचा काय तो उजेड. मयताच्या तोंडावर-हातांवर पसरलेली जाळीदार चादर घडी करून काढायची हे सेवेकऱ्याचं काम. जेसुआल्दो पुढे झाला. बेनिन्याने गळा काढला, बायकांनी सूर मिळवला. जेसुआल्दो वाकला आणि चादर गोळा करता करता नको इतका वेळ वाकलेलाच राहिला. ओर्तेन्सियाचा जीव टांगणीला लागला. आता हा ओळखणार की कार्ड खोटं आहे, आता इथेच सगळ्यांसमोर बोंब मारणार. पण तो सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तृप्ती होती, पोटभर जेवून उठल्यासारखी. त्याने क्रूसाची खूण केली, झाकण बसलं. मावशीला दिलेल्या शब्दाप्रमाणे ओर्तेन्सिया शेवटपर्यंत तिथून हलली नव्हती. एवढा शब्द मात्र तिने पाळला.

मग सुरू झाली शिक्षा. तिला वाटलं होतं, लुचिया मिळाली की जग जिंकलं. दुकान बंद करून ती कार्ड बाहेर काढायची, भिंगाखाली धरायची. जाळी सुंदर होती, रंग ताजे होते. पण मनात काही हलायचं नाही. नवरा जिवंत असताना कार्डं पुसताना यायची तशी जांभई यायची. कारण तिला पक्कं ठाऊक होतं, कार्ड गोड लागतं ते समोरच्याच्या कडू तोंडामुळे. आणि हे कार्ड त्याच्यासमोर धरणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या गळ्यात चोरीची पाटी अडकवणं. सगळ्यांत मोठा डाव हातात, आणि टाकायची सोय नाही!

जेसुआल्दो मात्र गुरुवार चुकवत नव्हता. यायचा, अंगठा चाटायचा, आपली किरकोळ कार्डं मांडायचा आणि नाकावरचा तो थेंब सांभाळत विचारायचा, "काय, डोन्ना ओर्तेन्सिया? तुमच्याकडे नवीन काही?"

"नाही बाई."

"काहीच नाही?"

"म्हटलं ना, नाही."

"बरं. मला वाटलं, असेल."

असं ईस्टरआधीचे लेंटचे उपास संपेपर्यंत चाललं. ती वाळली. कॉफीवाला तानो म्हणाला, "शोक फार मनाला लावून घेतलात." ते ऐकून तिला स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. कुठला शोक! मावशी तिच्या डोक्यात होती ती एवढ्याचसाठी, की मावशीमुळे कार्ड दाखवता येत नव्हतं.

ईस्टर झाल्यावरच्या गुरुवारी त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि तिच्याने राहवलं नाही. ती आत गेली, लुचिया घेऊन आली आणि टेबलावर त्याच्यासमोर ठेवली. आता हा उठेल, शिव्या देईल, पाद्रीबाबांकडे धावेल. खरं तर तिला तेच हवं होतं. कुणीतरी एकदाचं ओरडायला हवं होतं.

जेसुआल्दो ओरडला नाही. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं, आणि पाकिटातून एक कार्ड काढून लुचियाच्या शेजारी ठेवलं. छापील, स्वस्त, कोपरा उंदराने कुरतडलेलं.

"हे तुमचंच ना?"

ओर्तेन्सियाला आधी काही कळेना. "हे... हे तर तिच्या..."

"तिच्या हातातलंच. चादर काढताना ओढलं. बोटाला गुळगुळीत लागलं तेव्हाच समजायला हवं होतं हो मला! पण अंधार, त्यात ती बेनिन्या कानाशी भोकाड पसरून. घरी आलो, दिव्याखाली धरलं आणि कपाळ बडवून घेतलं. मग हसू आलं. म्हटलं, शाब्बास ओर्तेन्सिया! शेरास सव्वाशेर भेटली." तो खरंच हसत होता. "वाटच बघत होतो, कधी दाखवता. म्हटलं, बाईला दाखवल्याशिवाय चैन पडायचं नाही."

"म्हणजे मावशीच्या हातात..."

"जपमाळ होती की."

"आणि लुचिया?"

"एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे," जेसुआल्दो म्हणाला. "तिसरी कुठून येणार?"

संत तीच, संत तीच, असं म्हणत ओर्तेन्सियाने इतके दिवस काढले होते. त्या कुरतडलेल्या कागदावर तिने सगळा भार टाकला होता, आणि तोही कागद इथे टेबलावर पडला होता. म्हातारी अंधारात रिकाम्या हाताने गेली. दोघांनी दोन बाजूंनी तिला लुटलं, आणि दोघंही तिच्या पेटीशी क्रूसाची खूण करत उभे होते.

"तुम्ही माणूस आहात की गिधाड?" ती म्हणाली.

"तुम्ही जे आहात तेच," जेसुआल्दो शांतपणे म्हणाला. अंगठा चाटून त्याने तिरळी लुचिया उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा ते पाणावले होते. असलं कडूजहर तोंड तिने आजवर पाहिलं नव्हतं. आणि त्या तोंडाकडे बघताना ओर्तेन्सियाच्या अंगातून आनंदाची एक लाट सरसरत गेली. महिन्यांमागून महिने जे मिळालं नव्हतं ते मिळालं. तिला स्वतःची इतकी घाण वाटली की तोंडात कडू पाणी आलं. तिने ते गिळलं.

"द्या ते इकडे," ती म्हणाली. "आणि चालते व्हा. पुन्हा या दारात पाऊल टाकू नका."

त्याने कार्ड ठेवलं. जाळीवर थुंकीचा ओला डाग उमटला होता. टोपी घालून तो दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"बरं झालं आठवलं," तो म्हणाला. "गिरणीवाल्याच्या आईकडे संत आगाताचं एक कार्ड आहे. असंच हाताचं, जाळीचं, म्हणे याच्याहून जुनं. म्हातारीला परवा झटका आला, उजवी बाजू गेली. बोलता येत नाही, नुसती बघते. काल जाऊन आलो मी."

ओर्तेन्सियाने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. मावशीचे रिकामे हात तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हते. तिने तोंड उघडलं.

"काल गेलात?" ती म्हणाली. "मग? कुठे ठेवते ती?"